लवंगांचा भात

काल पनवेलच्या बाजारात मसाल्याच्या दुकानासमोर लवंगांचा वास आला आणि मला नीमा आठवली. ती टांझानियाहून इथे नर्सिंग शिकायला आली होती आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची.

त्या रविवारी ती आमच्याच स्वयंपाकघरात लवंगा घालून भात करत होती. तेवढ्यात फोन आला. तिचे वडील गेले होते. फी तेच पाठवायचे. भात खाली लागला, घरभर करपट वास सुटला, आणि नीमा ओट्याला टेकून तोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मी परत जाते. शिक्षण संपलं."

आईने गॅस बंद केला. साबण लावून हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या. "रडू नको. फी आमी भरू. तुला नर्स व्हायचं हाय ना?"

नीमा शिकली, तिच्या गावच्या इस्पितळात नोकरीला लागली. पुढे साथ आली आणि रुग्णांची सेवा करता करता तीच गेली. तिच्या भावाने फोनवर कळवलं.

त्या रविवारी मला आईचा केवढा अभिमान वाटला होता! आता मात्र तो प्रसंग आठवला की भावाचा फोन ठेवल्यावर ती जे बोलली तेच ऐकू येतं. "मीच थांबवली रं तिला. जाऊ दिली असती, तर पोर जगली असती."