मागच्या सीटवरचे वजन

आधीच माफी मागते. माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमले नाही, पुढे तर शाळाच सुटली. मुलीच्या जुन्या वहीत मागची पाने कोरी होती, त्यावर लिहीत आहे. ती कधी कधी मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचून दाखवते... कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या मागे सायकल आली. मी भाजी निवडत ऐकते. मला ते कधी खरे वाटले नाही, आणि माझे लिहिलेले खरे माना असे मीही कोणाला म्हणणार नाही. हे कोणाला पाठवायचेही नाही. पण ज्या घरात मी हे बोलले तिथे ते मला नीट सांगता आले नाही. म्हणून एकदा पूर्ण लिहून काढते.

आम्ही सानगडीचे. मालकांचे बाजारात किराण्याचे दुकान आहे. शेती भासरे पाहतात, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ. सासूबाई, जाऊबाई, सगळ्यांची चूल एकच. तेव्हा माझ्या लग्नाला तेरा वर्षे झाली होती आणि त्या तेरा वर्षांत मी भासऱ्यांशी एक शब्दही बोललेली नव्हते. आमच्याकडे ती रीतच आहे. लहान भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर पदर घ्यायचा, त्यांच्या बाजूला बसायचे नाही, काही सांगायचे असेल तर लेकराला मध्ये घालून सांगायचे. 'पिंकी, मोठ्या बाबांना म्हण, ताट वाढलं.' आता पुष्कळ घरी हे राहिले नाही. पण मी मुळातच भित्री, मला ते सोयीचे होते.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या कंबरेचे ऑपरेशन झाले. दर पंधरा दिवसांनी त्यांना नागपूरला न्यावे लागे. एसटीत बसवत नव्हते, आणि भाड्याची गाडी एका खेपेला तीन हजार घ्यायची. मग मालकांनी जुनी गाडी घ्यायचे काढले. शहापूरला हायवेला लागून एका माणसाकडे सात सीटची पांढरी गाडी होती. सहा वर्षे वापरलेली, किंमत साडेचार लाख. मालक मिस्त्रीला घेऊन एकदा जाऊन आले आणि पन्नास हजार टोकन देऊनच आले. ते पन्नास हजार बचत गटाच्या कर्जाचे होते, माझ्या नावावर काढलेले. बाकीचे पैसे धान विकून द्यायचे ठरले. आपण माघार घेतली तर टोकन परत मिळणार नाही, असे त्या माणसाने स्पष्ट सांगितले होते.

धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, झाल्यावर एका रविवारी आम्ही सगळे गाडी पाहायला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन चांगले होते. गाडी मालक चालवत होते, तो विकणारा माणूस त्यांच्या बाजूला. मधल्या सीटवर सासूबाई, जाऊबाई आणि भासरे. मी अर्थातच सर्वांत मागे, दोघांच्या सीटवर एकटी. गाडी हायवेला लागली.

"आवाज पाहा जी, शिलाई मशीनवानी चालते," विकणारा म्हणत होता.

"माही शिलाई मशीन तं ट्रॅक्टरवानी वाजते," जाऊबाई म्हणाल्या, तसे सगळे हसले. मीही पदरात हसले.

तेवढ्यात माझ्या डाव्या मांडीवर वजन आले.

मला ते कसे सांगावे कळत नाही. ज्या बाईने लेकरू वाढवले तिला सांगावे लागणार नाही. लेकरू बसल्या बसल्या पेंगते, एकदा दचकते, मग हळूहळू कलते आणि त्याचे डोके आपल्या मांडीवर येते... आधी हलके, मग झोप लागली की जड. तसेच. ऊब होती. श्वासाने लुगडे जरा जरा वर-खाली होत होते. मी खाली पाहिले. मांडीवर माझ्या पदराशिवाय काही नव्हते.

मी ओरडले नाही. समोर भासरे होते, ओरडणार कशी? पण खरे कारण ते नव्हते. खरे कारण असे, की ते जागे होईल म्हणून मला हलवेना. हात आपोआप वर गेला, थोपटायला. मी तो परत ओढून घेतला. गाडी पुढे जाऊन वळली आणि परत आली, अर्धा तास गेला असेल. तेवढा वेळ मी पाय हलवला नाही. भीतीपेक्षा मला रडू जास्त येत होते, आणि ते कशाचे हे माझे मलाच कळत नव्हते.

गाडी त्यांच्या दारात थांबली आणि वजन गेले. उतरले तर डावा पाय बधिर, मी लंगडतच खाली आले. त्या माणसाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने माझ्या पायाकडे पाहिले, मग तोंडाकडे.

"पाय झोपला का जी?" तिने हळूच विचारले.

मी मान हलवली. पदर मांडीवर जिथे होता तिथे रुपयाएवढा ओला डाग पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ पाखडताना सासूबाईंना सगळे सांगितले. त्या हसायला लागल्या.

"अवो, एसीचं पानी गळलं असन. आन् पाय का, अडचणीत बसली तं पाय झोपनारच. माह्या कंबरीसाठी गाडी घेऊन राहिले, तं तुले त्याच्यातबी भूत दिसते?"

"भूत नाही म्हणत मी. लेकरू आहे."

"मग बरं हाय नं. एक लेकरू फुकटात!" असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मग माझे तोंड पाहून म्हणाल्या, "ही गोठ घरात काढू नोको. टोकन बुडन, आन् खापर तुह्यावर फुटन."

त्यांचे खरेच होते. पन्नास हजार माझ्या नावावरचे होते, हप्ते मला भरायचे होते. गाडी आली तर त्यांचेच हाल थांबणार होते. मी चार दिवस गप्प राहिले. पण भाकरी थापतानाही मांडीवरच्या त्या जागेवर हात जायचा. गाडी आपल्या दारात आली की आपली पोरगी मागे बसणार, तिच्या बाजूला ते. आणि आपण कोणाचे तरी झोपलेले लेकरू पैसे देऊन घरी आणणार, त्याला कोण शोधत असेल कोणास ठाऊक...

शुक्रवारी सकाळी दोघे भाऊ पैसे घेऊन निघाले. भासऱ्यांनी थैली खांद्याला लावली, मालक बाहेर मोटरसायकल पुसत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पोरगी शाळेत गेली होती, मध्ये घालायला कोणी नव्हते.

"भाऊजी," मी म्हणाले, "ते गाडी घेऊ नोका."

जाऊबाईंच्या हातातला झाडू थांबला. मालक दारात येऊन उभे राहिले.

"काय बोलून राहिली तू? कोणाशी बोलून राहिली, समजते का?"

"समजते जी," मी म्हणाले. डोळ्यांतून पाणी यायला लागले.

भासरे माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी थैली काढून खाटेवर ठेवली आणि चप्पल पायातून सोडली. मालकांना म्हणाले, "नाही जात."

"दादा, पन्नास हजार बुडते!"

"बुडू दे. तेरा वर्सांत तिनं मले पहिला शब्द बोलला. तो उगाच नसन बोलला."

"पन काहून? कारन तं विचार!"

"मी नाही विचारत. तुले विचाराचं असन तं विचार."

मालकांनी विचारले. मी सांगितले, जसे इथे लिहिले तसे नाही, तुटक तुटक. ते ऐकून उठून गेले. दोन महिने माझ्याशी कामापुरतेच बोलले. जाऊबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या घरी गाडी नाही आली, पन गाडीतलं भूत घेतलं आमी टोकन देऊन." सासूबाई पुन्हा भाड्याच्या गाडीने जायच्या, परत आल्या की भिंतीला धरून चालायच्या. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून गटाचे हप्ते भरत होते. होळीनंतर अचानक शहापूरहून एका ओळखीच्या हाती वीस हजार आले. निरोप काही नव्हता. आणि पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर एका दुपारी ती बाई, त्या माणसाची बायको, स्वतः एसटीने आमच्या घरी आली. मी चहा मांडला. ती चुलीजवळच बसली.

"गाडी विकली का जी?" मी विचारले.

"नाही. तीन गिऱ्हाईकं आले. मीच मोडता घातला." मग म्हणाली, "तुमी लंगडत उतरल्या नं, तवाच मले समजलं, की मले एकटीलेच नाही होत."

मी चहाचे भांडे खाली उतरवले.

"कोणाचं आहे ते?"

"माहीत नाही जी. माहे दोनी पोट्टे चांगले हायेत, शाळेत जातात. गाडी कुठं ठोकली नाही. पहिल्या मालकाच्या घरी जाऊन विचारून आली मी. त्याले लेकरूच नाही." तिने पदराने तोंड पुसले. "मी दुपारी जाऊन बसते थोडा वेळ मागं. झोपते थे. मग उठून कामाले लागते."

मला पुष्कळ विचारायचे होते... डोके केवढे वाटते, कधी रडते का. मी तिच्यापुढे चहा सरकवला. याचा उलगडा मला आजही नाही. तिलाही नाही.

मालक दुकानातून जेवायला आले तेव्हा तिने पिशवीतून नोटा काढल्या. तीस हजार होते. मालकांनी दोनदा मोजले, मग पैसे माझ्या हातात दिले आणि तिला म्हणाले, "टोकनचे पन्नास पूर्ण झाले, बाई."