रामनाथभाऊंच्या घरची लोकशाही

आगाशीत कोणाच्या घरात किती मतं, त्यातली आपली किती, परकी किती आणि कोंबडी-पोह्यांच्या प्लेटभर भुजिंगावर फिरणारी किती, हे रामनाथभाऊंना तोंडपाठ होतं. उभी हयात त्यांनी पक्षाचं काम केलं. पत्रकं वाटली, बूथवर बसले, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना रिक्षात घालून मतदानाला नेलं आणि बटण भलतीकडे दाबलं तर परत चालत यावं लागेल, हेही हसत हसत सांगितलं. एवढं करून बॅनरवर त्यांचा फोटो यायचा तो सगळ्यात खालच्या रांगेत. नगरसेवक व्हायची इच्छा त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती, म्हणजे ती गावातल्या प्रत्येकाला माहीत होती.

अशा माणसाच्या घरात लोकशाही आणली ती त्यांच्या सुनेने, आणि तीही पक्षाला न विचारता.

सून रचना विरारच्या फ्लॅटातून केळीच्या वाडीतल्या घरात आली होती. दोन मुलं झाल्यावर ती रीटा मॅडमच्या नादी लागली. रीटा मॅडम पालकत्वाच्या मार्गदर्शक. त्यांचे व्हिडिओ यायचे, शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यानं व्हायची, आणि बाई बोलायला लागल्या की आपण आजवर मुलं वाढवली नाहीत, नुसती खायला घातली, असं भल्याभल्यांना वाटायचं. एकदा त्यांनी सांगितलं की मुलांना ‘नाही’ म्हणू नये. महिनाभर घरात कोणी ‘नाही’ म्हटलं नाही आणि नातवाने, सोनूने, बापाची मोटारसायकल पोपटी रंगवली. पुढे त्यांनी सांगितलं की मुलाच्या भावनेला नाव द्यावं. मग सोनू आजोबांची चप्पल विहिरीत टाकत असताना रचना काठावर उभी राहून म्हणाली, “सोनू, तुला राग आलाय, हे मला कळतंय.” चप्पल काढायला कोणी उतरलं नाही, कारण चपलेच्या भावनेबद्दल मॅडमनी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आली कौटुंबिक सभा. मूल म्हणजे घरातला छोटा नागरिक, तेव्हा घरचे निर्णय मतदानाने घ्यावेत, लहानमोठ्या प्रत्येकाला एक मत. रविवारी सकाळी सगळे ओटीवर बसायचे: रामनाथभाऊ, त्यांची बायको कमळीबाई, मुलगा विकी, रचना, सोनू आणि पहिलीतली त्विषा.

“आमच्या घरात कदी मतदान झाला नाय,” भाऊ पहिल्या दिवशी कुरकुरले. “बाप सांगायचा, आमी आयकायचो.”

पण पहिल्याच सभेत ठराव आला की संध्याकाळी टीव्ही बंद ठेवावा, आणि भाऊंच्या बातम्या धोक्यात आल्या. त्यांनी सोनूकडे पाहून एक डोळा बारीक केला, त्विषाला खिशातला मोबाइल नुसता दाखवला. ठराव चार विरुद्ध दोन मतांनी पडला. त्या दिवसापासून रीटा मॅडमचा एवढा मोठा भक्त आगाशीत दुसरा नव्हता.

चौथं मत कमळीबाईंचं. भाऊंचा हात वर गेला की त्यांचाही जायचा, रहाटाला बांधलेल्या पोहऱ्यासारखा. कधी त्या पदराला हात पुसत उशिरा यायच्या, ठराव काय तेही माहीत नसायचं, तरी हात वर. मग ठरावांची रांगच लागली. कारलं घरातून हद्दपार झालं. ओटीवर पक्षाच्या लोकांची बैठक रोज बसेल, हेही बहुमताने ठरलं. त्या बैठकीला चहा कोण करणार हा ठराव कोणी मांडला नाही. तो करायच्या अर्थातच कमळीबाई.

रचना मात्र हरून हरून टेकीला आली. मुलांना निर्णयक्षमता यावी म्हणून तिने हा खटाटोप केला, आणि पोरं शिकली काय, तर हात वर करण्याआधी समोरच्याच्या खिशाकडे बघायला.

अशात बरीच वर्षं रेंगाळलेली महापालिकेची निवडणूक एकदाची मार्गी लागली. आरक्षणाची सोडत निघाली आणि भाऊंनी ज्या जागेकडे जन्मभर डोळा लावला होता, ती महिलांसाठी राखीव झाली. त्या दिवशी माणूस जेवला नाही. खरंच सांगायचं तर त्यांना रडू आलं होतं, पण ओटीवर चार लोक होते.

संध्याकाळी पक्षाची तिकिटं वाटणारे वॉल्टरभाई स्वतः आले. “रामनाथ, तोंड काय पाडतो? वहिनींना उभं कर. सही त्या करतील, काम तू करशील. सगळीकडे तसंच चालतं.”

भाऊंचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला बरं वाटावं. दुसऱ्या दिवशी बॅनरचा नमुना तयार. कोपऱ्यात कमळीबाईंचा आधार कार्डावरचा फोटो, मधोमध हात जोडलेले रामनाथभाऊ. कमळीबाईंनी तो पाहिला आणि विचारलं, “माजा फोटो कशाला?”

“उमेदवार तू हायेस,” भाऊ म्हणाले आणि फोनवर बोलायला उठून गेले. एवढंच काय ते विचारणं.

वॉल्टरभाईंना एक धास्ती होती. मागे एका बाईने ऐन वेळी अर्ज मागे घेऊन पक्षाचं नाक कापलं होतं. “घरच्यांची तयारी आहे ना?” त्यांनी विचारलं. भाऊंना तेवढ्यावर ‘आहे’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण घरात बहुमत असलेला माणूस गप्प कसा बसेल? “आमच्या घरात लोकशाही हाय,” ते छाती काढून म्हणाले. “रविवारी ठराव करून आनतो.”

रचना धावली ती थेट रीटा मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, हात वर करायचा म्हटलं की मुलांवर दडपण येतं, मतदान गुप्त हवं. त्विषाला अजून नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच तोडगा सुचवला: प्रत्येकाला एक वाल आणि एक चिंचोका द्यायचा. होय असेल तर वाल, नाही असेल तर चिंचोका, मूठ झाकून डब्यात टाकायचा.

“टाका की,” भाऊ म्हणाले. गुप्त मतदान फोडण्यात ज्याची हयात गेली, त्याला चिंचोक्याचं काय भय? आठवडाभर त्यांनी रीतसर प्रचार केला. सोनूला बाजारात नेऊन भुजिंग चारलं. त्विषाच्या हातात मोबाइल दिला. विकीला सांगितलं की आई निवडून आली की तुझी विरारच्या ऑफिसात ओळख करून देतो. सुनेचं मत त्यांनी सोडून दिलं, कारण जाणता माणूस विरोधकाच्या दारात वेळ घालवत नाही. आणि कमळीबाईंकडे ते गेलेच नाहीत. घरातलं माणूस ते, त्यात काय मागायचं?

रविवारी डबा फिरला. प्रत्येकाने मूठ आत घातली, बाहेर काढली. त्विषाने उत्साहाने डबा ताटात उपडा केला.

पाच चिंचोके. एक वाल.

वाल कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. भाऊ आधी सोनूवर घसरले. “भुजिंग खाल्लंस ना रे?”

“मम्मीने पण खिलवलं,” सोनू म्हणाला. “तुम्हीच प्रचाराच्या सभेत सांगता ना, त्यांचं खा आणि मत मनाने द्या.”

त्विषाला चिंचोका वालापेक्षा गुळगुळीत वाटला होता. विकी छताकडे पाहत राहिला. या तिघांची फितुरी भाऊंना समजत होती. पोरंच ती, आणि विकी कुंपणावरचा. रचनाचं तर ठरलेलंच. भाऊंनी बोटाने चिंचोके पुन्हा मोजले. एक जास्तच होता, आणि तो कोणाचा हे कळल्यावर ते बायकोकडे वळले.

“कमळी,” ते म्हणाले, “तू सोताच्याच विरुद्ध मत दिलास?”

कमळीबाई ताटातले दाणे वेगळे करत होत्या. वाल निवडून बाजूला ठेवला. “माज्या विरुद्ध नाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या विरुद्ध दिला. उभे तर तुमीच रानार होते.”

रचनाने जिंकल्यासारखं तोंड करून सासूकडे पाहिलं. तिच्याकडे न बघताच कमळीबाई म्हणाल्या, “आनि तू पन विचारलास नाय मला. तुला कारल्याच्या ठरावात हरल्याचा राग होता.”

भाऊंना भयंकर लागलं. बाईने मान खाली घालून सही केली असती तर जन्माचं स्वप्न पुरं होत होतं. पण रागवायचं तर कोणत्या तोंडाने, हेही त्यांना कळेना. ठराव त्यांचाच होता, आणि मोजणीही त्यांनीच दोनदा केली होती.

वॉल्टरभाई अडून बसणारे नव्हते. उमेदवारी त्यांनी रीटा मॅडमना दिली. ज्या बाईमागे प्रभागातल्या एवढ्या आया उभ्या होत्या, तिला मतं शोधावी लागणार नव्हती. मॅडमनी घोषणाही दिली, ‘आधी घरात लोकशाही, मग दारात’. आणि पक्षाचा शिस्तीचा माणूस म्हणून रामनाथभाऊंनी गल्लोगल्ली मॅडमचा प्रचार केला. सभेत मॅडम आग्रहाने त्यांना पुढे बोलवायच्या आणि म्हणायच्या, याची सुरुवात या घरापासून झाली. भाऊ हात जोडायचे. लोक टाळ्या वाजवायचे, ज्यांना आतली गोष्ट माहीत होती ते जरा जास्तच.

मतदानाच्या आदल्या दिवशी भाऊ गावभर स्लिपा वाटून घरी आले. घरची स्लिप ते दर वेळी कमळीबाईंच्या हातात देत आणि कितवं बटण दाबायचं ते सांगत. या वेळी स्लिप दिली, आकडा मात्र ओठांवर आला आणि तिथेच राहिला. ते तिथेच घुटमळले. संसाराला एवढी वर्षं झाली, पण बायकोकडे मत मागायचं म्हणजे आवाज कुठून काढायचा, हे त्यांना सुचेना.

“कोनाला देशील?” शेवटी त्यांनी विचारलं.

कमळीबाईंनी स्लिप उलटसुलट करून पाहिली, घडी घालून कमरेला खोचली.

“बघू,” त्या म्हणाल्या.

दारोदार फिरून भाऊंची हयात गेली होती. ‘बघू’ म्हणणाऱ्या घरातून मत येत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.