काजळीची गुठळी

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज थकल्या हातानं लिहितो आहे. अक्षर सांभाळून घ्या.

आमच्या कारखान्यात खाणीतला कोळसा वाहणारे रबरी पट्टे बनतात. रबरात काजळी नीट मिसळली तरच पट्टा ताण सोसतो. त्यासाठी रबराची लादी घडी घालून रोलरमधून वीसदा काढावी लागते. मी त्या घड्या रामनाम घेत मोजतो.

आज दुपारी तपासणीला लादीचा लहान तुकडा उष्णता देऊन पक्का करून यंत्रावर ओढला, तर तो निम्म्या ताणातच तुटला. तुटल्या जागी मोहरीएवढी काजळीची गुठळी होती. घड्या कमी पडल्या होत्या. नाव ओठांवर होतं, मन कुठेतरी भलतीकडे.

माझा जोडीदार गुलाबराव घाईत होता. त्याच्या मुलीला पाहायला काटोलचे पाहुणे येणार होते.

"जाऊ दे ना गा महाराज! दुसरा तुकडा ओढ, तो पास होईन. तुह्या रामाले काय खाणीत उतरायचं हाय?"

"रामाले नाही गा. पण पट्ट्याखाली मानसं रायतात."

मी त्याला घरी पाठवलं. बाकीची लादी अजून कच्ची होती, ती एकट्यानं पुन्हा रोलरवर घातली. दुसरा तुकडा पुरता ताण सोसून गेला.

पण समाधान नाही. तपासणीला दहातली एकच लादी जाते. न तपासलेल्या कितीतरी लाद्या माझ्याच मोजणीवर खाणीत गेल्या आहेत. उद्या साहेबांना हे सांगितलं, तर रोलरवरून मला काढतील.

तुम्ही सांगितलं असतं का?