गोड लई झालं

माजलगावच्या रस्त्याला मैनुद्दीनचं पंक्चरचं दुकान. पण सहकारी कारखान्याचा कुठलाही कार्यक्रम असला की चेअरमन सुंदरराव त्यालाच बोलवायचे, स्वागतगीत म्हणायला. गीत वर्षानुवर्षं एकच. पाहुण्याचं नाव तेवढं बदलायचं. हातात माईक यायचा तो तेवढाच. त्यावर तो पुढचे कित्येक दिवस जगायचा.

त्या वर्षी पाऊस नव्हता, कारखाना पेटलाच नाही. उभा वाळलेला ऊस चाऱ्यासाठी तोडून कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी उघडली. ती बघायला वरून पाहुणे आले.

"नेहमीचंच म्हण," सुंदरराव म्हणाले.

त्यानं नेहमीचंच म्हटलं. 'आपुल्या चरणस्पर्शे भूमी जाहली हिरवीगार.'

दावणीत बायनाबाई बैलाच्या जिभेला हळद लावत होती. रोज ऊस चघळून जिभा सोलल्या होत्या जनावरांच्या. मान वर न करता ती म्हणाली, "मैनुभाऊ, कुठं झाली रं हिरवी? बैल तिकडंच बांधते माझा."

छावणी हसली. पाहुणेही हसले. ते त्याला जास्त लागलं.

घरी भाकरी पुढ्यात तशीच. बैलाची जीभ कशी लाल झाली होती, तो गोडाला तोंड कसा लावेना, हे तो बायकोला, मदिनाबीला, सांगत बसला. तिनं ऐकून घेतलं.

"अभी जो बोले, वोइच बोलो ना उधर," ती म्हणाली. "जाहली, जाहली. किसके घर में बोलते जाहली?"

कविता म्हणजे तसंच बोलावं लागतं, असं तो म्हणाला खरा, पण भाकरी काही उतरली नाही. वेगळं म्हटलं तर माईक पुन्हा मिळणार नाही, हेही त्याला कळत होतं.

पुढच्या पाहुण्यांना त्यानं नाव घेऊन नमस्कार केला आणि म्हणाला,

"ऊस खाऊ खाऊ
जीभ सोलली बैलाची
मालकीण हळद लावती
तो मान हालवीत न्हाई
गोड लई झालं, बाई
कडबा हाय का, कडबा?"

कुणी हसलं नाही. टाळीही नाही. सुंदररावांनी उठून शांतपणे माईक काढून घेतला, पाहुण्यांना चहाला चला म्हणाले. त्यानंतर स्वागताला केजहून एक गुरुजी येऊ लागले.

मैनुद्दीन ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसे. कार्यक्रमाचा कर्णा दुकानापर्यंत ऐकू यायचा. तेव्हा तो उगाच पंपानं हवा मारत राही.

एका दुपारी बायनाबाई दुकानापुढं येऊन बसली. हातात नुसतं दावं.

"गेला," ती म्हणाली. "ते तुझं म्हन की एकदा."

माईकशिवाय त्यानं कधी म्हटलं नव्हतं. आवाज फाटका निघाला. चौथ्या ओळीला तिनं हात वर केला.

"हालवत होता. शेवटपतुर मान हालवत होता त्यो."

मैनुद्दीननं ट्यूब खाली ठेवली, ओले हात पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा म्हणायला घेतलं, तिनं सांगितलं तसं.