मामांचे पोलंडचे सरकार

पोलंडच्या एका जहागीरदाराला पितृपक्षात पान वाढणारा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघावा, हे माझं नशीब! कोडोलीच्या शिवारात मामांचं गुऱ्हाळ आहे. आसपासची कधीच बंद पडली. यांचं चालू आहे ते निव्वळ हट्टावर. उकळत्या रसाची काहील चुलीवरून उतरली की रस्त्यानं जाणाऱ्याला अडवून काकवी पाजायची, ही तिथली रीत. "पावणं, तोंड गोड केल्याबिगर जायाचं न्हाय!" असाच एकदा पोलंडचा एक माणूस सापडला. त्याची आजी युद्धाच्या काळात लहानपणी इकडच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत राहिली होती, ती जागा बघायला आलेला. काकवी चाटत त्यानं सांगितलं (दुभाषा अर्थात मी), की त्यांच्याकडं पूर्वी एक जहागीरदार होता. त्यानं तलवार खुंटीला लावली, रानात बीट पेरलं, त्याची साखर काढली, लोखंडाची भट्टी घातली, आणि गावानं वेड्यात काढलं तरी हटला नाही. 'वेड्यात काढलं' ऐकताच मामा उठून उभेच राहिले. "म्हंजे आपल्यातलाच की ह्यो!"

तेव्हापासून बारसं असो की बारावं, मामा त्या जहागीरदाराचं, म्हणजे त्यांच्या 'सरकारां'चं, चरित्र सांगणारच. नाव काही जिभेवर बसलं नाही, पण सरकारांच्या घोड्याचा रंगसुद्धा आता त्यांना ठाऊक आहे! पुढं त्यांनी उसाचं रान मोडून बीटच लावलं. साखरेचं बीट पांढरं असतं, हे कुणाला माहीत? मामांनी लावलं कोशिंबिरीचं. त्याच्या रसाची ढेप काही केल्या बसेना, आणि बसली ती लालभडक. बाजारात अडत्या म्हणाला, "मामा, ह्यो गूळ हाय का कुंकू?" मामा शांत. "सरकारास्नी बी लोकं आशीच हसली हुती." मामी मात्र कडाडल्या, "मग बिटानं रंगल्याली धोतरं धुवायला बी बोलवा की तुमच्या सरकारास्नी!"

यंदा मामांच्या मुलानं सांगून टाकलं, की हा शेवटचा हंगाम. पुढच्या साली गुऱ्हाळ पाडून तिथं मंगल कार्यालय. मामा भांडले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. चुलाणापाशी बसून त्यांनी हळूच विचारलं, "पावणं, सरकारांच्या माघारी त्येंचा कारखाना ऱ्हायला का वो?"

त्या पाहुण्याला मी तेव्हाच विचारलं होतं. वारसांनी सगळं विकलं, भट्टी पाडली, आता तिथं नुसतं गवत आहे. मामांना मी ते कधी सांगितलं नव्हतं.

"चालू आहे की, मामा," मी म्हटलं. "मुलानं चालवला, आता नातवंडं बघतात."

मामांनी चुलाणाच्या विस्तवात उसाची मूठभर चिपाडं सारली.

"मग पोरगं गुणाचं निघालं म्हनायचं त्येंचं."