उभी पाथरी

पाथरीची रानभाजी आणि तिची चुलत बहीण यांतला फरक मला वडिलांनी शिकवला, असं मी श्रीगोंद्याच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. दोघी झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या. दोघींना पिवळी फुलं, पान तोडलं की दोघींना पांढरा चीक, आणि वाळल्यावर दोघींच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात. पाथरी मात्र जमिनीला चिकटून पसरते आणि तिच्या पानाच्या कडेला बारीक पांढरे दाते असतात. दुसरी वाढली की उभी राहते, तिचं खोड पोकळ असतं आणि पानं त्याला वेढून बसतात. आमच्या घरात तिला उभी पाथरी म्हणतात. कोवळेपणी दोघी जमिनीवरच असतात आणि भाकरीबरोबर कच्ची खायची ती तेव्हाच, म्हणून घोटाळा होतो. उभी खायला कडू लागते.

लहानपणी राहुरीजवळच्या आमच्या मळ्यातून मी फ्रॉकचा ओचा भरून पाथरी आणायचे. दादा, म्हणजे माझे वडील, ती मिठाबरोबर खायचे आणि येईल त्याला सांगायचे, "पोरीला डोळा हाय." त्या एका वाक्यावर मी वनस्पतिशास्त्र घेतलं. लग्नानंतरही बांधावर अनोळखी फूल दिसलं की दादांचा फोन यायचा. मग धाकट्या भावाचं लग्न झालं आणि हळूहळू ते फोन बंद झाले.

भावजय खर्ड्याकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यात तिची शाळा चौथीतच सुटली. तिला फूल बघावं लागत नाही. पानाच्या कडेवरून अंगठा फिरवते आणि सांगते. या दिवाळीला मी माहेरी गेले, तर सासरा-सून रोज सकाळी पाटाच्या चारीच्या कडेनं पाथरी शोधत हिंडत होते. कांद्यात तणनाशक मारायला लागल्यापासून ती तिथंच काय ती उरली आहे. दादांची नजरही आता अधू झाली आहे.

"दादा, मी येते ना बरोबर," मी म्हटलं.

"बस गं तू, दमून आलीस. सूनबाई हाय की."

माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? एका शेवंतीत शंभर फुलं कशी असतात ते भिंगाखाली दाखवणारी मी, आणि माझ्या जागी चौथीत शाळा सुटलेली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

तिसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती. धुतलेली पाथरी चाळणीत निथळत होती. मी मागच्या दारानं बांधावर गेले, उभीची मूठभर कोवळी पानं आणली आणि तिच्या पाथरीत मिसळली. दादांनी तिच्या देखत तोंड वाकडं करावं, एवढंच मला हवं होतं.

दादांनी घास घेतला. जरा थांबले, मग चावत राहिले. भावजयीनं चाळणीतलं एक पान उचललं, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. दादांनी ताटातली सगळी पानं संपवली आणि ते तांब्याभर पाणी प्यायले.

"आज पाथरी तू बी आनलीस व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"कशावरून?"

"लहानपनी बी अशीच आनायचीस. निम्मी पाथरी, निम्मी उभी. लई कडू. पर एवढ्या हौसेनं आनायचीस, मग खायचो मी." ते हसले. "अजून तशीच हाईस."

आता मला दोन्ही ओळखता येतात, आज मी मुद्दाम केलं, हे सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी माझी लहानपणची चूक समजून माझा हलकटपणा खाल्ला होता.

दुपारी मोरीवर भांडी घासताना भावजय खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, पयल्या साली माझ्या हातनं एकच उभी आल्ती. मामांनी ताटातनं काढून बाजूला ठिवली. म्हनले, नीट बघत जा." तिनं दादांचं ताट विसळून पालथं घातलं. "तवापासनं चुकले न्हाई मी."

तिच्या आवाजात काय होतं ते मला लगेच कळलं. तेवढं ओळखायला मला खरंच डोळा आहे.