परतीचं कडवं

आपण युद्ध जिंकलं हे मला सकाळी दूधवाल्याकडून कळलं. दुपारी मुख्याध्यापकांचा हुकूम आला, संध्याकाळच्या विजयसभेसाठी कविता हवी. मी बीबी गावच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणजे माझ्या घरात कविता पोत्यांनी भरून ठेवलेल्या असणार, असा त्यांचा समज. मी चिडले, आणि तासाभरात चार कडवी लिहूनही टाकली. खोटं कशाला बोलू, लिहिताना छाती भरून आली होती. शत्रूची दाणादाण, तिरंगा उंच, आणि शेवटच्या कडव्यात वीर आईच्या दारी परत.

कविता आधी ऐकवली शेजारच्या काकूंना. त्यांचा मुलगा सीमेवर होता आणि आठ दिवसांत त्याचा फोन नव्हता. काकू अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. शेवटचं कडवं ऐकून त्यांचा हात थांबला.

"म्हणजे येऊन राह्यला तो? कधी?"

"काकू, कविता आहे ती."

"हाव, पण तुमी लिहिलं म्हणजे तुमाले काही मालूम असन ना."

मला कसलं मालूम? दूधवाल्याला होतं तेवढंच. पण काकू मेथी तशीच टाकून उठल्या आणि मुलाची गादी उन्हात घातली.

मग माझा पुरता गोंधळ उडाला. जिंकलो, तर फोन का नाही? आणि फोन नाही, तर माझी छाती कशाच्या जोरावर भरून आली? ज्याची खात्री नाही ते चारचौघांत म्हणू नये, असं ठरवून सभेत मी तीनच कडवी वाचली. टाळ्या पडल्या, सरपंचांनी नारळ दिला. मला वाटलं, शहाणपणा केला.

खाली उतरले तर काकू पायरीशीच उभ्या, पदराचं टोक मुठीत धरून.

"मॅडम, तो घरी येते ते कडवं वाचलंच नाही तुमी," त्या हळूच म्हणाल्या. "काऊन? काही कळलं का तुमाले?"

काही कळलं नाही, असं मी शपथेवर सांगितलं. त्यांना पटेना. शेवटी त्यांना मंडपामागे नेऊन ते कडवं म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

मी त्यांना धीर दिला की थाप मारली, मला अजून सांगता येत नाही. काकू मात्र घाईनं घराकडे निघाल्या. गादी बाहेर होती, दव पडायच्या आधी आत घ्यायची होती.